घाटात गाडी रेस घेईना, तेव्हा

(मुंबईकडे निघालेल्या कापूस-ज्वारी पट्ट्यातील कार्यकर्त्यांचा खालापूर तालुक्यात एका रात्रीचा मुक्काम होता. त्या रात्रीच्या बैठकीत कर्जत-खोपोली रस्त्यावरील एका गॅरेजवाल्या शेतकऱ्याने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. जिल्हा बैठकांत वाचण्यासाठी.)



आज दुपारी तुमच्या गाड्या बोरघाट उतरून खाली आल्या. त्यातल्या तीन सरळ माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. दोन डिझेल पिकअप आणि एक जुनी पेट्रोल व्हॅन. तिघांची तक्रार एकच, गाडी रेस घेत नाही. उतारावर चालून गेले, पण परवा परत जाताना हाच घाट चढायचा आहे. तिघांनाही वाटेत कुणी ना कुणी सांगितले होते, "सेन्सर गेला. नवीन टाकावा लागेल." एकाच्या हातात तर पाच आकडी खर्चाचा कागद होता. दोन गाड्यांचे सेन्सर मी तपासले, दोन्ही ठणठणीत निघाले. तिसरीचे अजून सांगता येत नाही. इथल्या मंडळींनी म्हटले, गॅरेजात तिघांना जे सांगितलेस तेच रात्री सगळ्यांना सांग. म्हणून उभा राहिलो आहे. मला भाषणाची सवय नाही. चुकलो तर हटकावे.

माझे गाव कर्जत तालुक्यातले. कर्जत म्हटले की तुमच्यातल्या निम्म्या लोकांना पूर्वीच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले कर्जत आठवते, ज्वारीचे. आमचे कर्जत भाताचे. कर्जत-१८४, कर्जत-३ ही भाताची वाणे इथल्याच संशोधन केंद्रातली. तुमच्याकडे पाऊस येत नाही म्हणून पीक जाते, आमच्याकडे तो जात नाही म्हणून. गाड्यांचेही तसेच आहे. आमच्या गाड्या पाण्याने बिघडतात, तुमच्या धुळीने आणि उंदराने. उंदराची गोष्ट पुढे येईल.

तार गेली, निरोप आला

पूर्वी पायाखालच्या एक्सिलेटरपासून इंजिनापर्यंत एक पोलादी तार जायची. पाय दाबला की तार ओढली जायची. पेट्रोलच्या गाडीत त्या तारेच्या टोकाला, हवेच्या नळीत, एक चपटी गोल झडप असे. ती तिरकी झाली की हवा आत शिरे आणि कार्बोरेटरमधून हवेबरोबर पेट्रोल ओढले जाई. डिझेलच्या गाडीत झडपेचे काम नसे. तार किंवा दांडा सरळ डिझेल पंपाला जोडलेला असे आणि पाय दाबला की पंप जास्त डिझेल सोडे. तुमच्या घरच्या जुन्या ट्रॅक्टरला आजही हेच आहे. तार तुटली तर डोळ्यांना दिसायची. सुतळी बांधूनसुद्धा माणूस घरी पोचायचा. मी पोचलो आहे.

मग संगणक आला. इंधन किती सोडायचे हे तो ठरवू लागला. पण त्याला आधी कळले पाहिजे की झडप किती उघडी आहे. म्हणून झडपेच्या दांडीच्या टोकाला एक छोटी डबी बसवली. तिला थ्रॉटल पोझिशन सेन्सर म्हणतात. झडप कुठे आहे हे सांगायचे, एवढेच तिचे काम. पुढच्या टप्प्यात तारही काढून टाकली. आता पेडलपाशी एक सेन्सर, तो संगणकाला सांगतो की ड्रायव्हरने पाय इतका दाबला. संगणक विचार करतो आणि झडपेपाशी बसवलेल्या छोट्या मोटरला हुकूम देतो. झडप तेवढी फिरली की नाही, हे झडपेवरचा सेन्सर परत येऊन सांगतो. आजच्या डिझेल पिकअपमध्ये पेडलचा सेन्सर तसाच असतो, फक्त संगणक हुकूम देतो तो डिझेलच्या इंजेक्टरला. डिझेल इंजिनालाही काही वेळा हवेची झडप असते. पण ती ताकद कमीजास्त करण्यासाठी नसते, धुराच्या बंदोबस्तासाठी असते. हा फरक लक्षात ठेवा, कारण डिझेल गाडीत कुणी "थ्रॉटल सेन्सर" म्हणाला तर कुठला, पेडलचा की झडपेचा, हे आधी विचारायला हवे. निम्म्या वेळा सांगणाऱ्यालाच ठाऊक नसते.

तार नसताना काम कसे चालते हे पाहायचे असेल तर आमच्या कर्जत स्टेशनावर जा. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना तिथे मागून ढकलायला जादा इंजिने लावतात. त्यांना बँकर म्हणतात. १८६३ साली रेल्वे या घाटातून सुरू झाली. चढ असा की ३७ फूट पुढे गेले की एक फूट वर. पुढच्या इंजिनातला माणूस मागच्या इंजिनाचा दांडा स्वतः ओढू शकत नाही. निरोप जातो, मग मागचा ढकलतो. निरोप चुकला तर इंजिन कितीही दांडगे असो, उपयोग नाही. तुमच्या पिकअपमध्ये पाय आणि इंजिन यांच्यामध्ये आता असाच निरोप आहे. आणि बहुतेक वेळा मोडतो तो निरोप्या नव्हे, रस्ता मोडतो.

रेडिओचे बटण

ही डबी आतून कशी असते? तुमच्यातल्या वयस्कर लोकांनी आकाशवाणीवर बाजारभाव ऐकले असतील. त्या रेडिओचे आवाजाचे बटण आठवा. आत कार्बनची एक अर्धगोल पट्टी असते आणि तिच्यावर एक पत्री घासत फिरते. पत्री जिथे असेल त्याप्रमाणे वीज कमी किंवा जास्त येते. जुना सेन्सर म्हणजे हेच बटण. त्याला तीन तारा. एकीतून संगणक ५ व्होल्ट देतो. दुसरी अर्थिंगची. तिसरीतून पत्री जिथे उभी असेल तिथले व्होल्ट परत जातात. पाय सोडलेला असताना साधारण अर्धा ते पाऊण-एक व्होल्ट. पूर्ण दाबला की चार ते साडेचार. मधल्या प्रत्येक जागेला मधला आकडा. कंपनीप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण चाल हीच.

आता एक गंमत सांगतो, कारण सगळी तपासणी हिच्यावर उभी आहे. आकडा शून्यापासून का सुरू होत नाही? सरळ शून्य ते पाच का नाही ठेवला? कारण तार तुटली तरी संगणकाला शून्यच दिसणार. मग "पाय सोडला आहे" आणि "तार तुटली आहे" यात फरक कसा करायचा? म्हणून पाय सोडलेला असतानाही अर्धा व्होल्ट आलाच पाहिजे अशी व्यवस्था केली. हजेरी घेताना पोराने "हजर" म्हणायचेच, गप्प बसला तर तो गैरहजर. तसेच वरच्या बाजूला. पूर्ण दाबूनही साडेचारच्या आसपास थांबायचे. थेट पाच आले तर कुठेतरी तार तारेला चिकटली आहे. संगणक शून्याजवळचा आणि पाचाजवळचा आकडा खराच मानत नाही. दिवा लावतो आणि वहीत नोंद करतो.

रेडिओच्या बटणाचे काय होते? जिथे आवाज रोज ठेवता तिथेच पट्टी झिजते. त्या जागी खरखर येते, पुढे-मागे केले की नीट चालते. सेन्सरचेही तेच. सपाट रस्त्यावर रोज चाळीस-पन्नासने चालणाऱ्या गाडीची पट्टी पाय थोडासा दाबलेल्या जागी झिजते. तिथे गाडी झटका मारते, त्याच्या पुढे दाबली की सुटते. ड्रायव्हर म्हणतो, "डिझेलमध्ये कचरा आहे." फिल्टर बदलतो. झटका तिथेच.

नव्या गाड्यांत पट्टी आणि पत्री राहिलेली नाही. दांडीला चुंबक बसवतात आणि समोर एक चिप. चुंबक फिरला की चिप ओळखते. काही ठिकाणी चुंबकाऐवजी तांब्याच्या वेटोळ्यांनी हेच काम करतात. कशाला काही घासत नाही, म्हणून झिजही नाही. असा सेन्सर फारच क्वचित मरतो. मग "सेन्सर गेला" हे आज सगळ्यात जास्त का ऐकू येते? विचार करा.

दोन काटे

तुम्ही कापूस जिनिंगवर नेता तेव्हा काय करता? शहाणा शेतकरी आधी बाहेरच्या काट्यावर गाडी वजन करून नेतो. दोन काट्यांचे आकडे जुळले तर बोलणे नाही. जुळले नाहीत तर कुठला खोटा हे लगेच कळत नाही, पण काहीतरी खोटे आहे हे कळते.

तार काढून टाकल्यावर मोटार बनवणाऱ्यांनी हेच केले. पेडलमध्ये एक नाही, दोन सेन्सर. झडपेवरही दोन. बऱ्याच गाड्यांत पेडलचा दुसरा सेन्सर पहिल्याच्या बरोबर निम्मा आकडा देतो. पहिला दीड व्होल्ट म्हणाला तर दुसऱ्याने पाऊण म्हटले पाहिजे. झडपेवरचे दोन तर अनेकदा उलटे चालतात. एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो आणि दोघांची बेरीज पाचाच्या आसपास राहते. संगणक सतत पडताळा घेतो. मेळ बसेना, तर कुणावर विश्वास ठेवायचा हे त्याला कळत नाही. तो धोका पत्करत नाही. ताकद काढून घेतो आणि गाडी लंगडी चालवतो. मेकॅनिक त्याला लिंप मोड म्हणतात. पेट्रोलच्या झडपेला स्प्रिंग अशी असते की मोटरची वीज गेली तरी झडप किंचित उघडी राहते. म्हणजे गाडी बैलगाडीच्या चालीने कडेला किंवा घरी नेता येते.

बोरघाटाच्या चढावर, मागे माल भरलेला असताना, गाडी अशी लंगडी झाली तर फार वाईट. मागून कंटेनर येत असतो. तेव्हा पहिले काम : इंडिकेटर चारही लावा, डावीकडे घ्या. चावी बंद करून दोन मिनिटांनी परत चालू करा. पुष्कळदा गाडी पुन्हा ताकद घेते आणि घाट पार होतो. पण ते बरे झाले असे समजू नका. नोंद वहीत राहिलेली असते.

काही जण म्हणतात, ही इलेक्ट्रॉनिक भानगडच धोक्याची, गाडी आपोआप सुटेल. अमेरिकेत असाच गदारोळ टोयोटाच्या गाड्यांवरून २००९-१० साली झाला. तिथल्या रस्तासुरक्षा खात्याने तपास अवकाशयान बनवणाऱ्या नासाच्या इंजिनिअरांकडे दिला. फेब्रुवारी २०११ मध्ये अहवाल आला. गाडी अंगावर सुटावी असा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना सापडला नाही. मात्र काही पेडलच्या सेन्सरमध्ये कथलाचे केसासारखे तंतू वाढलेले सापडले. अशा तंतूने दोन सेन्सरच्या तारा एकमेकींना चिकटल्याचेही दिसले. अडकण्याची खरी कारणे साधी निघाली. पेडल जागच्या जागी चिकटणे, आणि पायाखालची चटई पुढे सरकून पेडल दाबून धरणे. हसू नका. तुमच्यातल्या कितीजणांच्या गाडीत पायाखाली गोणपाट टाकलेले आहे? उद्या सकाळी काढा.

कोड म्हणजे निकाल नव्हे

आता मूळ मुद्द्याला येतो. स्टीअरिंगखाली एक सोळा पिनांचे सॉकेट असते. तिथे स्कॅनर लावला की संगणकाच्या वहीतली नोंद वाचता येते. पी-०१२२ म्हणजे थ्रॉटल किंवा पेडल सेन्सरचा आकडा फार कमी. पी-०१२३ म्हणजे फार जास्त. पी-०१२१ म्हणजे आकडा येतो पण इंजिनाच्या बाकीच्या हालचालीशी जुळत नाही. पी-०१२४ म्हणजे मध्येच येतो, मध्येच जातो. पी-२१३५ म्हणजे झडपेच्या दोन सेन्सरांचा मेळ नाही. पी-२१३८ म्हणजे पेडलच्या दोघांचा.

नोंद नीट ऐका. "आकडा फार कमी." यात सेन्सर खराब आहे असे कुठे म्हटले आहे? आकडा कमी येण्याला पाच कारणे असू शकतात. ५ व्होल्टची तार तुटली. परतीची तार तुटली, किंवा ती बॉडीला घासून अर्थ झाली. कपलरच्या पिना सैल झाल्या. किंवा तीच ५ व्होल्टची तार आणखी दुसऱ्या सेन्सरला जाते आणि तो दुसरा आतून शॉर्ट होऊन सगळ्यांचे पाच व्होल्ट खाली ओढतो. आणि मग, शेवटी, सेन्सर स्वतः. पण आमच्या धंद्यात काय होते? स्कॅनरवर "थ्रॉटल सेन्सर" हे दोन शब्द दिसले की बाकीचे वाचायचे नाही. पार्ट मागवायचा. पुष्कळ गाड्यांत तो सेन्सर सुटा मिळतच नाही. अख्खी थ्रॉटल बॉडी किंवा अख्खे पेडल घ्यावे लागते. बिल आले की शेतकऱ्याचे तोंड उतरते, आणि चार दिवसांनी गाडी परत तिथेच.

दुसऱ्याला कशाला बोलू, मी स्वतः हे केले आहे. सातआठ वर्षांपूर्वी नेरळकडच्या एका भाजीवाल्याची गाडी आली. कोड पेडलचा. मी पेडल बदलले. आठवड्याने तो परत आला, तोच कोड घेऊन. तेव्हा मी पहिल्यांदा मीटर बाहेर काढला. इंजिनाची अर्थिंगची पट्टी बॉडीला जिथे बोल्टने आवळलेली असते तिथे गंज धरला होता. अर्थिंग कच्चे, म्हणून सगळेच आकडे हलत होते. कानशीने घासून बोल्ट आवळला, वीस मिनिटांचे काम. पेडलचे पैसे त्याला मी हप्त्याहप्त्याने परत केले. त्या पेडलची डबी अजून माझ्या टेबलावर आहे.

मीटर कसा लावायचा

साधा मल्टिमीटर चारपाचशे रुपयांत मिळतो. पंपाच्या स्टार्टरपाशी तुम्ही तो वापरताच. पण मीटरच्या आधी डोळे.

बॉनेट उघडा. बॅटरी बघा. गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास असावी. बॅटरी पडलेली असेल तर संगणक वेड्यासारख्या नोंदी करतो, त्यांच्या मागे लागू नका. मग वायरिंग. आज आलेली पहिली पिकअप महिनाभर कडब्याच्या गंजीशेजारी उभी होती. मी बॉनेट उघडले तर इंजिनावर सरकी आणि कापसाचे घरटे. पेडलकडून येणाऱ्या सहा तारांपैकी दोन उंदराने सोललेल्या, आणि खड्ड्यात आदळल्या की एकमेकींना लागणाऱ्या. पाच आकडी कागद होता तो याच गाडीचा. तारा जोडल्या, डाख दिला, नळी चढवली. टेपपट्टी गुंडाळून सोडू नका. उन्हाने ती सुटते.

दुसऱ्या पिकअपमध्ये तारा चांगल्या होत्या, पेडलचे दोन्ही आकडे बरोबर. मग ब्रेक बघितला. ब्रेकच्या पेडलवर एक स्विच असतो, मागचा लाल दिवा लावणारा. संगणक तोही वाचतो. ब्रेक आणि रेस दोन्ही एकदम दाबलेले दिसले तर तो ब्रेकचे ऐकतो आणि ताकद तोडतो. या गाडीचा स्विच अडकलेला होता, म्हणजे संगणकाच्या मते ड्रायव्हर पुण्यापासून ब्रेक दाबूनच आला. मागून बघणाऱ्याला कळले असते, कारण मागचा दिवा विझतच नव्हता. स्विच बदलला. सेन्सरला हात लावला नाही. डिझेल गाडी लंगडी होण्याला याखेरीज आणखी कारणे आहेत. टर्बोची नळी फाटणे, डिझेल फिल्टर तुंबणे, आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत सायलेन्सरजवळची काजळीची जाळी भरणे. दरवेळी पेडलवर बोट दाखवू नका.

आता मीटर. गाडी न्यूट्रलमध्ये, चाकाला दगड. चावी ऑन, इंजिन बंद. मीटर व्होल्टवर. काळी काडी बॅटरीच्या वजा टोकाला. कपलर न सोडता, मागच्या बाजूने, तारेच्या कडेने बारीक पिन आत सरकवा. तारेच्या प्लास्टिकला भोक पाडू नका. आमच्या पावसात त्या भोकातून पाणी शिरते आणि थोड्याच दिवसांत तांब्याची हिरवी पूड होते. पहिल्या तारेत ५ व्होल्ट आले पाहिजेत. नाही आले तर सेन्सरचा दोष नाही. त्याला कुणी जेवायलाच दिलेले नाही, मागे जा. अर्थिंगच्या तारेत जवळजवळ शून्य हवे. एक दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग कच्चे. मग तिसरी. पाय अगदी सावकाश दाबायचा, आणि दुसऱ्याने आकडा बघायचा. अर्ध्यापासून साडेचारपर्यंत न अडखळता चढला पाहिजे, पाय सोडला की तसाच उतरला पाहिजे. मध्येच गचका खाल्ला तर तिथे पट्टी झिजली आहे. इथे आकड्याच्या मीटरपेक्षा जुना काट्याचा मीटर चांगला, कारण झटक्यात पडणारा आकडा डोळ्याला दिसत नाही, काटा मात्र उडी मारतो. शेवटी वायरिंग हाताने हलवून बघा. हलवताना काटा हलला तर दोष तारेत.

काही नव्या गाड्यांचा सेन्सर व्होल्ट पाठवतच नाही, अंकांचे ठोके पाठवतो. तिथे मीटर उपयोगाचा नाही, स्कॅनर लागतो. स्कॅनरवर एक गोष्ट माणसाला फसवते. पाय सोडलेला असताना तो कधी कधी पंधरा टक्के दाखवतो आणि मेकॅनिक म्हणतो, बघा, सेन्सर बिघडला. अहो, पाचातले पाऊण व्होल्ट म्हणजे पंधरा टक्केच होतात! हजेरीचाच आकडा आहे तो.

तीन गोष्टी मात्र करू नका. मोटरच्या झडपेत चावी ऑन असताना बोट घालू नका, ती एकदम मिटते आणि दातही तोंडात राहतील अशा जोराने. टेस्ट लॅम्पचा बल्ब ५ व्होल्टच्या तारेला लावू नका, संगणक जळू शकतो. स्टीअरिंगच्या आसपासच्या पिवळ्या कपलरला हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात. आणि हो, धुण्याच्या दुकानात पाण्याचा जोराचा फवारा बॉनेटमध्ये मारायला देऊ नका.

पेट्रोल गाडीत झडपेच्या कडेला काजळी बसते, मग गाडी उभ्या उभ्या बंद पडते किंवा रेस वरखाली करते. ते साफ करता येते. साफ केल्यावर मात्र संगणकाला मिटलेल्या झडपेची नवी जागा शिकवावी लागते. काही गाड्या चावी ऑन करून थोडा वेळ थांबले की शिकतात, काहींना स्कॅनरनेच शिकवावे लागते.

किल्ली कुणाच्या खिशात?

इथे आमच्यासारख्या गावच्या गॅरेजचे घोडे अडते. साधी नोंद वाचणारा स्कॅनर बाजारात मिळतो, फोनला जोडायचाही मिळतो. पण नवे पेडल संगणकाला ओळखायला लावणे, झडप शिकवणे, वायरिंगचा नकाशा बघणे, हे बऱ्याच गाड्यांत कंपनीच्या यंत्राखेरीज होत नाही. हे काही आमचे रडगाणे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींवर दंड ठोठावला होता. कारण काय, तर सुटे भाग आणि दोष शोधण्याची यंत्रे खुल्या बाजारात येऊ देत नाहीत. पुढे अपिले झाली, दंडाचे हिशेब बदलले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि तिने निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे आणि मोटारी दोन्ही आहेत. त्याच वर्षी डिसेंबरात सरकारी पोर्टलही निघाले. पोर्टलवर कंपन्यांनी काय घातले आणि काय वगळले, हे ज्याला इंग्रजी वाचता येते त्या पोराला बसवून बघायला सांगा.

मला शेतमालाच्या बाजाराचे फार कळत नाही. पण मालाला गिऱ्हाईक एकच असला की काय होते हे तुम्ही मला शिकवायला नको. दुरुस्तीला दुकान एकच असले तरी तेच होते. माझे एवढेच मागणे आहे की यंत्र विकत मिळू द्या, किंमत लावा, आम्ही घेऊ.

मघाशी एका भावाने चिठ्ठी पाठवली आहे : ट्रॅक्टरला हे सगळे आहे का? पन्नास हॉर्सपॉवरच्या आतला असेल तर बहुतेक नाही. तार आणि पंपच आहे. पन्नासच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाले. ते पाळण्यासाठी त्यांत संगणक आणि पेडल सेन्सर आले. तसा ट्रॅक्टर घेणार असाल तर व्याजाचा दर विचारता तसे हेही विचारा की स्कॅनर असलेला मेकॅनिक तालुक्याला आहे का, की पेरणीच्या दिवसात जिल्ह्याहून यायची वाट बघायची.

दुसरी चिठ्ठी : मेकॅनिकला काय म्हणायचे? भांडू नका. म्हणा, दादा, जुना आकडा दाखव, नवा पार्ट टाकल्यावर नवा आकडा दाखव, आणि जुना पार्ट माझ्या हातात दे. ज्याने मापले असेल तो दाखवेल.

आता तिसरी गाडी. जुनी पेट्रोल व्हॅन, पट्टी-पत्रीच्या सेन्सरची. तारा चांगल्या आहेत, अर्थिंग मी घासले, पाच व्होल्ट येतात. दुपारी सेन्सरचा आकडा चारदा नीट चढला आणि पाचव्यांदा मध्येच गचकला. कदाचित हिचा खरोखरच गेला असेल, किंवा कपलरची पिन सैल असेल. काट्याचा मीटर मी घरून मागवून घेतला आहे. गाडी बाहेर दिव्याखाली उभी आहे. चहा झाला की ज्यांना बघायचे असेल त्यांनी यावे. एकाने आत बसून पाय सावकाश दाबायचा, एकाने वायर हलवायची, आणि बाकीच्यांनी काट्यावर नजर ठेवायची.